नजरानजर झाली, तरी आप्पा दिसले नाहीत

वाचकाचं पत्र

मी ४३ वर्षांची. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचं काम बघते, राहायला मिरजेत. गेल्या महिन्यात संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना विश्रामबागला माझे चुलत सासरे, आप्पा, रस्त्याकडेला उभे होते म्हणे. त्यांनी हात केला, मी त्यांच्याकडं सरळ बघितलं आणि तशीच पुढं गेले. मला यातलं काही आठवत नाही. कानात ब्लूटूथ होतं, नवऱ्याशी बोलत होते, एवढं खरं. नंतर नणंदेच्या वास्तुशांतीला भर पंगतीत आप्पा म्हणाले, "सूनबाई लई मोठ्या झाल्या आता. बघून न बघितल्यागत करतात." तेव्हापासून जाऊबाईही नीट बोलत नाहीत. त्यात दुकानात एका शेतकऱ्याच्या पट्टीत (म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदात) तोलाई, म्हणजे वजन करण्याची मजुरी, दोनदा वजा झाली, दुसऱ्याच्या पट्टीत हमाली धरायचीच राहिली. मालक समजूतदार आहेत, पण मलाच लाज वाटली. नवरा म्हणतो, "तुझं लक्ष असतं कुठं?" मुलगा दहावीला आहे, कानात गाणी घालून अभ्यास करतो. त्याला रागवायला गेलं की तोही हेच ऐकवतो. माझं डोकं कामातून चाललंय का? डॉक्टरांना दाखवू का?

— एक वाचक, मिरज

उत्तर

ताई, आधी आप्पांचं घेऊ, कारण सगळ्यात जास्त तेच खुपतंय. तुम्ही खोटं बोलत नाही आहात. आणि आप्पाही खोटं बोलत नाहीत. तुमची नजर त्यांच्यावर पडली असेल, चांगली सेकंदभर टिकलीही असेल, आणि तरी ते तुम्हाला दिसले नसतील. पंगतीत कुणी असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण हे प्रयोग करून तपासून झालेलं आहे.

१९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर चाब्रिस या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक छोटा व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या शर्टातली काही माणसं आणि काळ्या शर्टातली काही माणसं आपापसांत चेंडू फेकतायत. बघणाऱ्यानं फक्त पांढऱ्या शर्टवाल्यांनी एकमेकांकडं किती वेळा चेंडू टाकला ते मोजायचं. मध्येच गोरिलाचा वेश घातलेलं एक माणूस त्यांच्यातून चालत येतं, कॅमेऱ्याकडं तोंड करून छाती बडवतं आणि निघून जातं. नंतर विचारलं, काही वेगळं दिसलं का? जवळजवळ निम्मे लोक म्हणाले, नाही बुवा. व्हिडिओ परत दाखवल्यावर काहींनी तर कॅसेट बदलल्याचा आरोप केला. (आता गोरिलाचं गुपित तुम्हाला कळलं, त्यामुळं तो व्हिडिओ तुमच्यावर चालायचा नाही. जाऊबाईंवर चालेल.)

पुढं २००६ मध्ये डानिएल मेमर्ट या जर्मन संशोधकानं तोच व्हिडिओ दाखवताना बघणाऱ्यांचे डोळे कुठं फिरतात तेही टिपलं. ज्यांना गोरिला दिसलाच नाही, त्यांची नजरसुद्धा गोरिलावर साधारण सेकंदभर थांबलेली होती. ज्यांना दिसला त्यांची जेवढी, जवळपास तेवढीच. आप्पांच्या तक्रारीचं उत्तर इथं आहे. डोळा एखाद्यावर पडणं हे एक काम आणि 'अरे, हे तर आप्पा' हे मनाला कळणं हे दुसरं. या दुसऱ्या कामाला लक्ष लागतं, आणि त्या संध्याकाळी तुमचं लक्ष कानातल्या बोलण्यात आणि समोरच्या रहदारीत वाटलं गेलं होतं. आप्पांच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं.

मग आप्पांना हे का पटत नाही? त्यांनाच कशाला, कुणालाच पटत नाही. सायमन्स आणि चाब्रिस यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सर्वसामान्य लोकांची एक पाहणी प्रसिद्ध केली. आपण दुसऱ्या कामात असलो तरी समोर काही अचानक आलं तर ते आपल्या लक्षात येतंच, असं चारांतल्या तिघांहून जास्त लोकांना वाटत होतं. असं वाटण्याला कारण आहे. जे निसटतं ते निसटल्याचंही आपल्याला कळत नाही. आयुष्यभर आपण जे जे टिपलं तेवढंच आपल्या हिशेबात असतं, म्हणून हिशेब नेहमी पुरा वाटतो.

आपल्याकडं पोपटाच्या डोळ्याची गोष्ट प्रत्येक शाळेत सांगतात. द्रोणाचार्य विचारतात, काय दिसतंय? अर्जुन म्हणतो, फक्त डोळा. झाड नाही, फांदी नाही, भाऊ नाहीत, खुद्द गुरूही नाहीत. ही गोष्ट एकाग्रतेचं कौतुक म्हणून सांगितली जाते, आणि कौतुक आहेच. पण तिचा दुसरा अर्धा भाग कुणी सांगत नाही. त्या क्षणी अर्जुनाचे एखादे चुलत सासरे शेजारून हात करत गेले असते, तर पुढच्या वास्तुशांतीला त्याचाही उद्धार झाला असता.

कानांचंही हेच आहे, आणि ते तुम्ही रोज अनुभवता. सौद्याची वेळ आठवा. पोती फोडलेली, हळकुंडांचे ढीग, एका ढिगावरून दुसऱ्याकडं सरकणारे व्यापारी, चढणारी बोली, 'बाजूला, बाजूला' ओरडत पाठीवर पोतं घेऊन जाणारे हमाल, बाहेर मागं येणारा ट्रक. तुम्ही गादीवर बसून पट्टी लिहिताय आणि यातलं काही तुम्हाला ऐकू येत नाही. मग त्या कल्लोळात कुणीतरी तुमच्या दुकानाचं नाव घेतं आणि तुमची मान वर होते. १९५३ मध्ये कॉलिन चेरी या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञानं लोकांच्या दोन कानांत दोन वेगवेगळी भाषणं सोडली आणि एका कानातलं भाषण जसंच्या तसं म्हणत जायला सांगितलं. दुसऱ्या कानात काय चाललं होतं ते लोकांना सांगता येईना. तिथलं बोलणं मध्येच इंग्रजीचं जर्मन झालं, तेही कळलं नाही. पुरुषाच्या आवाजाऐवजी बाईचा आवाज आला, तेवढं मात्र कळलं. म्हणजे आवाजाचा वरवरचा पोत आत जातो, अर्थ दारातच अडतो.

१९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचं स्वतःचं नाव घातलं. ते बऱ्याच जणांना ऐकू आलं असेल असं वाटतं ना? साधारण एक तृतीयांश लोकांनाच आलं. स्वतःचं नाव! तुमचे चिरंजीव आतल्या खोलीतून तीन हाकांना ओ देत नाहीत तेव्हा त्याला मुद्दाम म्हणण्याआधी हा आकडा आठवा. आणि तुमच्या यजमानांनाही सांगा, म्हणजे घरात सगळ्यांचाच जरा फायदा होईल.

हुशार, तयारीचा माणूस असला तर? मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात राहता, म्हणजे डॉक्टरांबद्दलचा आदर तुम्हाला शिकवायला नको. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांचे सीटी स्कॅन दिले आणि त्यातल्या गाठी शोधायला सांगितल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं एक चित्र चिकटवलेलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २४ पैकी २० जणांना ते दिसलं नाही. हे लोक बिनकामाचे नव्हते. ते गाठी शोधत होते आणि गोरिला काही गाठीसारखा दिसत नाही.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूनं बोलले. आता जे बोलणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही.

आप्पा दिसले नाहीत यात तुमचा दोष नाही. गाडी चालवताना फोनवर बोलत होता, यात आहे. 'कानात ब्लूटूथ होतं' हे तुम्ही पत्रात जणू बचावासाठी लिहिलंय, म्हणून त्यावर जरा जास्त बोलते. २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि विल्यम जॉन्स्टन यांनी गाडी चालवण्यासारखं काम करणाऱ्या लोकांना फोनवर बोलायला लावलं. बोलताना त्यांचे सिग्नल चुकण्याचं प्रमाण दुपटीच्या घरात गेलं, आणि जे सिग्नल दिसले त्यांनाही प्रतिसाद उशिरा आला. फोन हातात होता की हात मोकळे होते, यानं काही फरक पडला नाही. नुसता रेडिओ ऐकणाऱ्यांचं मात्र असं झालं नाही. २००३ च्या त्यांच्या पुढच्या प्रयोगात चालकांनी रस्त्याकडेच्या फलकांकडं थेट बघितल्याचं उपकरणात नोंदलं गेलं, पण फोनवर बोलणाऱ्यांना ते फलक नंतर खूपच कमी ओळखता आले. हे वाचून तुम्हाला विश्रामबाग आठवलं असेल.

मागं बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं आणि फोनवरच्या माणसाशी बोलणं वेगळं. मागं बसलेल्याला रस्ता दिसतो. पुढं एसटी आडवी आली की तो आपोआप गप्प होतो, नाहीतर 'हळू, हळू' म्हणतो. फोनवरचे तुमचे यजमान घरी सोफ्यावर बसलेले असतात. त्यांना ना एसटी दिसते, ना सिग्नल. ते आपलं विचारत राहतात, "गॅसचा नंबर लावला का?" आणि तुम्ही उत्तर शोधायला लागता. ते उत्तर शोधणं हेच धोक्याचं आहे. ताशी ४० च्या वेगानं स्कूटी सेकंदाला ११ मीटर जाते. कायदा हातातल्या फोनला दंड करतो, डोक्यातल्या संभाषणाला करत नाही, म्हणून आपण ब्लूटूथ लावून निर्धास्त होतो. सांगली-मिरज रस्ता ज्यानं संध्याकाळी सहाला बघितलाय त्याला निर्धास्त होण्यासारखं तिथं काय आहे ते मला विचारू नये. आप्पा कडेला उभे होते म्हणून गोष्ट रुसव्यावर भागली. ते रस्ता ओलांडत असते तर?

तेव्हा आजपासून गाडीला किल्ली लावण्याआधी ब्लूटूथ डबीत. 'बाईंचा फोन लागत नाही' म्हणजे बाई रस्त्यावर आहेत, हे घरच्यांना सांगून ठेवा. आणि 'तुझं लक्ष कुठं असतं' असं विचारणाऱ्या यजमानांना एवढंच सांगा, की त्या संध्याकाळी ते तुमच्याकडं होतं.

आप्पांकडं स्वतः जा, आणि यजमानांना बरोबर न्या. गोरिला, सीटी स्कॅन यातलं काही तिथं काढू नका. मोठ्या माणसासमोर शास्त्र काढलं की ती सबब वाटते. "आप्पा, तुम्ही उभे होता आणि मला दिसला नाहीत. फोनवर बोलत गाडी चालवत होते, ते चुकलंच," एवढं म्हणा आणि वाकून नमस्कार करा. 'दिसला नाहीत' हे खरं आहे, ते सोडू नका. न केलेल्या अपमानाची माफी मागितली की तो अपमान केल्याचं कबूल केल्यासारखं होतं. पुढचं यजमानांनी बोलावं, कारण फोन त्यांचाच होता. जाऊबाईंचं मग आपोआप निवळेल. न निवळलं तर त्यांचं कारण आप्पा नव्हतेच असं समजा.

आता पट्टी. तुम्ही दिलेल्या दोन्ही चुका मला फार बोलक्या वाटल्या. बेरीज चुकलेली नाही. एकीकडं एक पायरी दोनदा झाली, दुसरीकडं एक पायरी सुटली. मध्येच कुणी अडवलं की नेमक्या अशा चुका होतात. २०१४ मध्ये एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना ठरलेल्या क्रमानं पायऱ्या करायचं काम दिलं आणि मध्ये मध्ये क्षणभर दुसरं काहीतरी करायला लावलं. जेमतेम तीन सेकंदांच्या व्यत्ययानं क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं, साडेचार सेकंदांच्या आसपास तिप्पट. तीन सेकंद म्हणजे किती? "ताई, कालच्या लॉटचा दर काय लागला?" एवढं कुणी विचारणं, आणि तुम्ही न बघता सांगणं.

पट्टीचा कागद डोळ्यांसमोर आणा. वर शेतकऱ्याचं नाव आणि गाव. मग पोती, वजन, दर, रक्कम. खाली वजावट: हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल. यातलं कागदावर असतं तेवढं सुरक्षित. 'मी आता तोलाईपर्यंत आले' ही खूण मात्र फक्त डोक्यात असते, आणि डोक्यात एका वेळी फार मावत नाही. पूर्वी सात गोष्टी मावतात असं म्हणत, जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखापासून. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी सगळा पुरावा चाळून तो आकडा साधारण चारवर आणला. त्या चारांत वजन, दर आणि चालू आकडेमोड आधीच बसलेली असते. कुणी दर विचारला की सगळ्यात आधी ती खूणच बाहेर पडते.

म्हणून खूण डोक्यातून काढून कागदावर ठेवा. प्रत्येक वजावट लिहून झाली की तिच्यापुढं पेन्सिलीची टिक. कुणी हाक मारली तर आधी टिक, मग ओ. संगणकावर करत असाल तरी शेजारी कच्चा कागद ठेवाच. दुसरं, आकडा लिहिताना तोंडानं म्हणा. मिरज जंक्शनवरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल दिसला की तो एकमेकांना मोठ्यानं सांगतात. दोघांनाही तो दिसत असतो. तरी सांगतात, कारण डोळा सवयीनं पुढं सरकतो आणि तोंड सहसा तसं सरकत नाही. तुमच्या गादीवर 'तोलाई झाली' असं पुटपुटायला कुणी हसलं तर हसू दे.

तिसरं मालकांशी बोलून करावं लागेल. विमान १०,००० फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त काही बोलायचं नाही, असा नियम अमेरिकेनं १९८१ मध्ये केला, कारण कॉकपिटमधल्या गप्पांच्या नादात अपघात झाले होते. तुम्हाला दिवसभर मौन नको. सौदे उरकल्यावर पट्ट्या करायचा जो तास-दीड तास असेल, त्यात दर विचारायचा असेल तर फळ्यावर बघायचा, तुम्हाला विचारायचा नाही. व्हॉट्सॲपचा भावाचा ग्रुप तेवढ्या वेळापुरता गप्प. मालक समजूतदार आहेत असं तुम्हीच लिहिलंय, आणि पट्टी चुकून शेतकरी परत आला की काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि सलग बसू नका. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडं तासन्‌तास बघणाऱ्यांच्या नजरेतून खुणा का सुटतात, हे नॉर्मन मॅकवर्थ यांनी तपासलं. १९४८ मध्ये त्यांनी छापलं, की पहिल्या अर्ध्या तासातच नजर ढिली पडायला लागते. हंगामात आवक जोरात असते तेव्हा तुम्ही दोन-दोन तास मान वर करत नसाल. अर्ध्या तासानं उठा, पाणी प्या, बाहेर हमालांशी दोन शब्द बोला.

डॉक्टरांबद्दल. तुम्ही जे लिहिलंय त्यात विसरण्याचं काही नाही. जे मुळात आत गेलंच नाही, ते विसरणार कसं? फोनवर नवऱ्याशी बोलत होता ते तुम्हाला आठवतंय, पट्टीतली चूक दाखवल्यावर ती कुठं झाली तेही कळतंय. पण चाळिशीनंतर झोप नीट होत नसेल, थकवा जात नसेल, पाळी अनियमित झाली असेल, मन सतत उदास असेल, तर एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. त्यानं लक्षावर फरक पडतो, आणि त्यावर उपचार आहेत. रोजचा रस्ता चुकणं, ओळखीच्या वस्तूचं नाव न सुचणं, तेच तेच परत विचारणं असं काही होत असेल तर मात्र थांबू नका, सरळ जा.

राहिला मुलगा. इथं तुम्ही दोघंही अर्धे बरोबर आहात. शब्द असलेलं गाणं आणि शब्द वाचण्याचं काम ही दोन्ही डोक्यातल्या एकाच गादीवर येऊन बसतात, म्हणून इतिहास वाचताना किंवा मराठीचा निबंध लिहिताना गाणी बंद. तो म्हणेल, मला त्रास होत नाही, आणि त्याला तसं खरंच वाटत असेल. तसं वाटण्यावर जाऊ नका. एक धडा गाण्यासह वाचू दे, एक गाण्याशिवाय, आणि दोन्हींवर तुम्हीच प्रश्न विचारा. सरावाची गणितं सोडवताना नुसतं वाद्यसंगीत असेल तर वाद घालू नका, त्यात फार काही बिघडत नाही. फोन मात्र दुसऱ्या खोलीत हवा. तेवढ्या एकाच मुद्द्यावर अडून बसा. पण त्याआधी तुमचं स्कूटीवरचं ब्लूटूथ सुटलेलं त्याला दिसू दे, नाहीतर तो तेच काढणार.